कपाळावरचं कुंकू

आमच्या जुन्या घराच्या माजघरात वीतभर उंचीचं एक तैलचित्र होतं. लुगडं नेसलेली तरुण बाई, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. "ही तुझी पणजी," हे ऐकतच मी लहानाची मोठी झाले. घर पाडायला निघालं तेव्हा चित्र माझ्याकडे आलं आणि मी पणजीचा शोध घ्यायला बसले. त्यात दोन वर्षं गेली. त्यातून शिकले ते सांगते.

१. चित्र आधी पालथं करून बघावं. चेहऱ्याकडे बघून आपण मनाने गोष्ट रचत जातो. चित्र पुठ्ठ्यावर काढलेलं होतं आणि पाठीमागे पेन्सिलीने मोडीत दीड ओळ लिहिली होती. मोडी जाणणाऱ्या एका गुरुजींनी भिंग लावून ती वाचली, तोवर माझे हात गार पडले होते. "नवी चौकट, सव्वा रुपया, काच निराळी." नाव कुठेच नव्हतं. पण चौकट नवी, म्हणजे चित्र त्याआधीचं.

२. पुसू नये. आमच्याकडे दर दिवाळीला अर्धा बटाटा घेऊन ते चोळलं जायचं. पदराचा काठ त्यातच गेला, जरीच्या जागी आता करडा पुठ्ठा दिसतो. अजून जीव तुटतो. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटकावी, तीही रंग सुटत नसेल तरच.

३. मोठ्या नावाला भुलू नये. येणारा-जाणारा "रविवर्मा!" म्हणायचा. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात दिवा हाताच्या आडोशाला धरून उभ्या असलेल्या स्त्रीचं चित्र आहे ना, तेही लोक सर्रास रविवर्म्याच्या नावावर घालतात. ते सावळाराम हळदणकरांचं जलरंगातलं चित्र, १९४०च्या दशकातलं. रविवर्मा १९०६ मध्येच गेले. आणि चित्रातली ती स्त्री म्हणजे हळदणकरांची स्वतःची लेक, गीता. कोण बसलं, कोणी काढलं, दोन्ही ठाऊक असून ही गत. आमच्या चित्रावर तर सहीसुद्धा नव्हती.

४. जाणकाराला दाखवावं, आणि तो सांगेल ते ऐकायची तयारी ठेवावी. मुंबईच्या एका संवर्धक बाईंनी खोलीत अंधार करून अतिनील दिवा लावला. जुनं वार्निश हिरवट झळकलं. त्या उजेडात दोनच जागा काळ्या राहिल्या: कुंकू आणि नथ. हा रंग वार्निशच्या वर, म्हणजे मागाहून चढवलेला. पुढे क्ष-किरणांच्या छोट्या यंत्राने तपासलं, तर लुगड्याच्या पांढऱ्यात शिसं निघालं आणि नथीच्या मोत्यांत टायटॅनियम. टायटॅनियमचा पांढरा चित्रकारांच्या हाती आला तो १९२०च्या सुमारास.

मूळ बाईचं कपाळ मोकळं होतं. विधवा? की कोकणातल्या एखाद्या बेने इस्रायल घरातली, की ख्रिस्ती? लुगडं तर त्याही नेसत. इतकी वर्षं जिच्यापुढे आम्ही हात जोडले ती आमच्या घरची नव्हतीच, हे त्या अंधारात उभ्या उभ्या मला कळलं, आणि रडू आलं.

५. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी विचारावं. मी आत्याकडे शेवटी गेले. ती नव्वदीला टेकलेली. बराच वेळ चित्र मांडीवर धरून बसली, मग म्हणाली, "काका रंगाची पेटी घेऊन ओसरीवर बसलेले आठवतात गं मला. आजीचा फोटोच नव्हता ना एकही. तिच्यासारखी दिसते म्हणून कुठूनसं आणलेलं हे." आणि तिने बोटाने, काचेवरूनच, त्या नथीला हात लावला. "नथ मात्र तिचीच आहे. अश्शीच होती."

६. मागाहून चढलेला रंग काढायची घाई करू नये. संवर्धक बाईंनी विचारलं, कुंकू उतरवू का? नको म्हटलं. पाठीमागे, त्या मोडी ओळीला धक्का न लावता, चौकटीला एक चिठ्ठी लावली: ‘स्त्री. नाव माहीत नाही. कुंकू आणि नथ घरच्या हाताची.’ चित्र सध्या आत्याच्या खाटेसमोर आहे, ऊन लागणार नाही अशा भिंतीवर.