खोगीर चढवताच घोडा अडतो, तेव्हा

प्रश्न : खोगीर चढवले की घोडा कान मागे पाडतो, पुढे चालत नाही. हा हट्ट कसा मोडावा?

उत्तर : अशा अडण्यामागे बरेचदा हट्ट नसून वेदना असते, म्हणून चाबकाआधी तपासणी हवी. कण्याच्या दोन्ही बाजू बोटांनी दाबून पाहाव्यात. घोडा अंग चोरत असेल, तर खोगीर बोचत असण्याची शक्यता असते. तंग आवळताना चावणे हे जठरातील व्रणाचेही लक्षण असू शकते. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरते, त्यामुळे त्याला फार वेळ उपाशी ठेवू नये. दात पशुवैद्यकाकडून वर्षातून एकदा, खूर-नाल दर ६ ते ८ आठवड्यांनी पाहून घ्यावेत. दुखणे नसल्याची खात्री झाल्यावरच शिकवणी सुरू करावी : टाचेचा हलका इशारा द्यावा, पहिले पाऊल पडताच दाब सोडावा आणि घोडा थकण्याआधी काम थांबवावे.