गाण्याचं रिव्हर्स इंजिनीअरिंग

वायव्हाला विचारतात तसा एक प्रश्न विचारते. एक सिस्टीम आहे. तिचं आउटपुट कुणी रेकॉर्ड केलेलं नाही, सर्किट डायग्राम कधी काढलाच नव्हता. हाती आहेत फक्त काही पार्ट्स आणि परक्या माणसाने लिहिलेली दोन-चार वाक्यं. एवढ्यावरून सिस्टीम पुन्हा उभी करा. मार्क्स दहा!

आपल्यापैकी बहुतेक जण "डेटा इनसफिशंट" असं लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतील. पण युरोपातले काही संगीतकार गेली वीस-बावीस वर्षं हाच प्रश्न सोडवत आलेत. त्यांची सिस्टीम म्हणजे सुरुवातीच्या जर्मानिक टोळ्यांचं संगीत. जर्मानिक म्हणजे फक्त आजचे जर्मन नव्हेत. रोमन साम्राज्याच्या उत्तरेला, आजच्या जर्मनीपासून डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वेपर्यंत पसरलेल्या आणि एकमेकींशी नातं असलेल्या भाषा बोलणाऱ्या या टोळ्या. आपली इंग्रजीसुद्धा याच कुटुंबातली.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे कॉयरमध्ये सिस्टर आमच्या हातात छापील नोटेशन द्यायच्या, रेघा आणि त्यांवर काळे ठिपके. रेघांवर सूर मांडायची ही पद्धत अकराव्या शतकात इटलीतल्या ग्वीदो द'अरेत्सो या साधूने बसवली, तीसुद्धा चर्चची गाणी शिकवण्यासाठी. त्याआधीच्या, ख्रिस्ती नसलेल्या टोळ्यांची गाणी अशी कुणी लिहून ठेवली नाहीत. ती तोंडातून कानात जायची. गाणारं तोंड थांबलं की गाणंही संपायचं.

कोण आहेत हे लोक?

दोन नावं लक्षात ठेवा. पहिलं 'वार्डरूना'. नॉर्वेमध्ये 2003 साली हा ग्रुप सुरू झाला. त्याचा प्रमुख आयनार सेल्विक आधी ब्लॅक मेटल बँडमध्ये ड्रम वाजवायचा. जुन्या रून लिपीत 24 अक्षरं आहेत. एकेका अक्षरावर एकेक गाणं असे त्यांनी 2009, 2013 आणि 2016 साली तीन अल्बम काढले. तुम्ही 'व्हायकिंग्ज' ही सिरीयल पाहिली असेल किंवा 2020 चा 'असॅसिन्स क्रीड वल्हाला' खेळला असाल, तर सेल्विकचं काम नकळत ऐकलेलंच आहे.

दुसरं नाव 'हायलुंग'. जर्मन भाषेत याचा अर्थ बरं होणं, आजारातून उठणं. 2014 साली कोपनहेगनमध्ये एक जर्मन, एक डॅनिश आणि एक नॉर्वेजियन अशा तिघांनी तो सुरू केला. 'ओफ्निर' (2015), 'फुथा' (2019) आणि 'ड्रिफ' (2022) हे त्यांचे स्टुडिओ अल्बम. आपल्या संगीताला ते 'अॅम्प्लिफाइड हिस्टरी' म्हणतात. ई अँड टीसीच्या पोरीला हा शब्द आवडणारच! अॅम्प्लिफायर सिग्नल मोठा करतो, पण सोबत नॉइजही मोठा करतो आणि स्वतःचा थोडा नॉइज घालतोच.

मी हे ऐकत असताना रूममेटने एक हेडफोन स्वतःच्या कानात घातला, दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "हे नाझी लोकांचं म्युझिक आहे का गं?" प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर द्यायला आधी डेटा बघू.

डेटा क्रमांक एक : वाद्यं

1797 साली कोपनहेगनच्या उत्तरेला ब्रुडेव्हेल्टे इथल्या दलदलीत पीट (जाळण्यासाठी वापरतात तो गाळ) खणताना एका शेतकऱ्याला ब्राँझची सहा लांब, वळलेली शिंगं सापडली. त्यांना 'लुर' म्हणतात. ती सुमारे 2700-2800 वर्षांपूर्वीची, म्हणजे जर्मानिक टोळ्यांचं नाव इतिहासात येण्याच्याही कितीतरी आधीची, त्याच मातीतली. ती जोड्यांनी बनवलेली आहेत, एक एका बाजूला वळलेलं, दुसरं विरुद्ध बाजूला. 'लुरपाक' बटरच्या पाकिटावर दिसतात ती हीच!

लुरला भोकं नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. आपल्या तुतारीसारखंच, ओठांच्या ताणावर सूर बदलायचा. इथे फर्स्ट इयरचं फिजिक्स कामाला येतं. रुंदावत जाणारी नळी सगळे हार्मोनिक्स देते. नळी दोन मीटरची धरली आणि आवाजाचा वेग 343 मीटर प्रति सेकंद, तर मूळ फ्रिक्वेन्सी 343 भागिले 4, म्हणजे साधारण 86 हर्ट्झ. पुढचे सूर 172, 257, 343, 429 असे. मधले सूर सहजासहजी निघत नाहीत. म्हणजे वाजवणारा कोण होता, काय वाजवत होता हे माहीत नसलं तरी त्याच्यापाशी कोणते सूर होते हे आपण कॅल्क्युलेटरवर काढू शकतो. मला तरी हे फार भारी वाटलं.

दुसरं वाद्य लायर, म्हणजे हातात धरून छेडायचं तंतुवाद्य. 2001-02 च्या हिवाळ्यात दक्षिण जर्मनीतल्या ट्रोसिंगेन गावात एका योद्ध्याची कबर उघडली. ओल्या मातीमुळे लाकूड कुजलं नव्हतं. आत मेपलच्या लाकडाची सहा तारांची लायर होती, ब्रिज आणि खुंट्यांसकट. झाडाच्या वलयांवरून कबरीचं साल निघालं 580. लाकडावर वाजवून वाजवून झिजल्याच्या खुणा आहेत. नाहीत फक्त तारा, आणि त्या कशा जुळवल्या होत्या ही माहिती.

इथे पहिली गॅप आली. ती भरायला आज वादक हुकबाल्ड या साधूचा आधार घेतात. त्याने इसवी सन 900 च्या आसपास संगीतावर एक ग्रंथ लिहिला, त्यात सहा तारांच्या वाद्याची जुळणी दिली आहे. ती आपल्या भाषेत सांगायची तर सरळ 'सा रे ग म प ध', सगळे शुद्ध. पण मधे तीनशेहून जास्त वर्षं गेली आहेत, हे विसरायचं नाही. हा अंदाज आहे, बरा अंदाज आहे, पण मोजमाप नव्हे.

अंदाज चुकतातही. इंग्लंडमध्ये सटन हू इथे 1939 साली सापडलेल्या वाद्याचे तुकडे जोडून आधी हार्प बनवली गेली. नंतर पुन्हा अभ्यास झाला आणि 1970 साली ती मोडून लायर केली. ब्रिटिश म्युझियमसारख्या संस्थेनेसुद्धा सर्वांसमोर उत्तर खोडून नवं लिहिलं, यात लाज कसली?

डेटा क्रमांक दोन : शब्द

रोमन लेखक टॅसिटसने इसवी सन 98 मध्ये 'जर्मानिया' हे छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की या लोकांकडे इतिहास जपायचं साधन एकच, जुनी गाणी. लढाईआधी ते ढाल तोंडासमोर धरून गात, म्हणजे आवाज आदळून जड आणि भरीव होई, आणि त्या आवाजावरून लढाईचा निकाल ओळखत. हायलुंगच्या स्टेजवर ढाली-भाले घेतलेले योद्धे घुमतात त्यामागे ही अशी वर्णनं आहेत. पण टॅसिटस स्वतः तिथे गेल्याचा पुरावा नाही. ऐकीव माहिती, तीही शत्रूपक्षाच्या माणसाची.

दुसरा पुरावा मला सर्वांत जवळचा वाटतो. 1841 साली जर्मनीत मेर्झेबुर्गच्या कॅथीड्रलच्या ग्रंथालयात एका प्रार्थनेच्या जुन्या पुस्तकात कोऱ्या पानावर दोन मंत्र सापडले. दहाव्या शतकात कुणीतरी, बहुधा एखाद्या साधूनेच, ते तिथे उतरवले होते. एक कैद्याला सोडवायचा, दुसरा घोड्याचा मुरगळलेला पाय बरा करायचा. ख्रिस्ती पुस्तकात जुन्या देवांची नावं! परीकथांमुळे आपल्याला माहीत असलेल्या याकोब ग्रिमने ते 1842 साली छापले. हायलुंगच्या 'फुथा' अल्बममध्ये या मंत्रांतले शब्द ऐकू येतात.

आता गंमत ऐका. घोड्याच्या मंत्रात हाडाला हाड, रक्ताला रक्त, सांध्याला सांधा जोडण्याची विनवणी आहे. आपल्या अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातलं बारावं सूक्त मोडलेल्या हाडासाठी रोहिणी वनस्पतीला उद्देशून आहे, आणि त्यातही मज्जेला मज्जा, हाडाला हाड अशीच मांडणी आहे. एकोणिसाव्या शतकात आडालबर्ट कून या अभ्यासकाने हे साम्य दाखवलं. काही जण म्हणतात हा दोन्ही भाषांच्या सामाईक पूर्वजांचा वारसा, काही म्हणतात हाड मोडलं की माणूस कुठेही असंच बोलेल. दोन्ही पक्ष अजून मैदानात आहेत.

उरलेली गॅप

एवढं करूनही चाल हाती लागत नाही. सीरियातल्या उगारित इथे सापडलेल्या, सुमारे 3400 वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाटीवर निक्कल देवीचं स्तोत्र आहे आणि सोबत लायरसाठीच्या सूचनाही. तरीसुद्धा वेगवेगळ्या अभ्यासकांनी त्याच पाटीवरून वेगवेगळ्या चाली काढल्या आहेत! हायलुंगने 'ड्रिफ'मध्ये तेही गायलं. नोटेशन असताना ही स्थिती, तर नसताना काय?

मग ते गॅप उघडपणे भरतात. हायलुंगच्या गाण्यात घशातून काढलेला घुमारा येतो, जो आपण मंगोलिया आणि तुवाच्या गायकांकडून ऐकतो. त्यांच्या वाद्यांत राजस्थानच्या भोप्यांचं रावणहत्था आहे, देवपूजेतली घंटाही आहे. प्राचीन जर्मानिक माणूस रावणहत्था वाजवत नव्हता हे त्यांनाही ठाऊक आहे, तसा दावा ते करत नाहीत. वार्डरूनाने तर झाडं, पाणी, दगड यांचे आवाज त्या त्या जागी जाऊन रेकॉर्ड केले. हे म्युझियम नव्हे, प्रयोग आहे.

आणि आता रूममेटचा प्रश्न

गॅप दुसऱ्या पद्धतीनेही भरता येते. ऑस्ट्रियात ग्वीदो फॉन लिस्ट नावाचा एक लेखक होता. 1902 साली डोळ्यांच्या ऑपरेशननंतर काही महिने त्याला दिसत नव्हतं. त्या अंधारात आपल्याला रून लिपीचं रहस्य कळलं असं त्याने सांगितलं आणि 1908 साली पुस्तक काढलं. त्याच्या लिपीत 18 अक्षरं होती. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर मिळालेल्या, साधारण इसवी सन 400 च्या दगडावर 24 अक्षरं कोरलेली आहेत. लिस्टची लिपी कुठल्याही दगडावर नव्हती, पण त्याने ती प्राचीन म्हणूनच खपवली. जुन्या लिपीत सूर्याचं जे अक्षर होतं, त्याला त्याने विजयाचा अर्थ चिकटवला. पुढे तेच अक्षर दोनदा शेजारी काढून नाझींच्या एसएस दलाचं चिन्ह झालं. सूर्याचं अक्षर छळछावण्यांच्या पहारेकऱ्यांच्या कॉलरवर गेलं.

टॅसिटसही सुटला नाही. हिमलरला 'जर्मानिया'चं जुनं हस्तलिखित हवं होतं. 1943 साली एसएसची तुकडी त्यासाठी इटलीत येसी गावाजवळच्या एका वाड्यात घुसली. हस्तलिखित हाती लागलं नाही. स्वस्तिकाचं काय झालं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आजही काही वर्णद्वेषी गट रून गोंदवून फिरतात.

तेव्हा रूममेटला दिलेलं उत्तर असं : नाही, हे त्यांचं म्युझिक नाही, त्यांनी पळवलेल्या वस्तूंमधलं आहे. हायलुंगचा प्रयोग सुरू होतो तोच माणसं, प्राणी, झाडं, दगड सगळी एकमेकांची भावंडं आहेत अशा अर्थाच्या प्रार्थनेने. पण चोरीला गेलेली वस्तू परत आणायची तर ती मुळात कशी होती हे नीट माहीत हवं. म्हणून अभ्यास.

जाता जाता

2017 साली नेदरलँड्सच्या कॅसलफेस्टमधला हायलुंगचा 'लिफा' हा पूर्ण कार्यक्रम यूट्यूबवर आहे. सबमिशन संपल्यावर हेडफोन लावून ऐका (हॉस्टेलच्या स्पीकरवर नको, रेक्टर मॅडम धावत येतील!). कागदावर तीन कॉलम आखा : सापडलेलं, अंदाजाने जोडलेलं, स्वतःचं. ऐकताना प्रत्येक आवाज कुठल्या कॉलममध्ये जातो ते ठरवा.

ग्राफ काढताना मोजलेल्या बिंदूंमधून आपण सलग रेघ काढतो आणि त्यांच्या पलीकडे तुटक. तुटक रेघ काढणं गैर नाही, तिच्याशिवाय पुढे जाताच येत नाही. तुटक रेघ सलग करून दाखवणं गैर. जर्नलमध्ये रीडिंग 'बसवण्याची' कला आपल्या कॉलेजात किती जुनी आहे हे मी सांगायला नको. तिथे फार तर एक मार्क जातो. पण एखाद्या समाजाच्या भूतकाळात असं रीडिंग बसवलं, तर त्याची किंमत काय होते ते त्या कॉलरवरच्या दोन अक्षरांनी दाखवलं आहे.