घरावरील संपत्तिकर : सवलत आणि सचोटी

आपण व्यापारी लोक कोठारातील पोत्यांचा हिशेब रोज मांडतो; परंतु राहत्या घरावरील संपत्तिकराचा कागद क्वचितच बारकाईने वाचतो. म्हणून हा लहानसा पाठ.

भोपाळमध्ये हा कर मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, 1956 अन्वये बसतो. त्याचा पाया म्हणजे घराचे वार्षिक भाडेमूल्य. क्षेत्रफळ, वस्ती, बांधकाम व वापर पाहून ते ठरते, आणि त्याचे विवरण मालकानेच भरावयाचे असते. मालक स्वतः राहतो त्या भागावर निम्मी सूट मिळते. समजा, अशा भागाचे भाडेमूल्य 20,000 रुपये व दर शेकडा 10 आहे. तर 2,000 रुपयांऐवजी 1,000 रुपये कर पडेल. दुकान, कोठार किंवा भाड्याने दिलेली खोली यांना ही सूट नाही.

येथेच आमची चूक झाली. आमच्या घरी खाली धान्याचे कोठार, वर बिऱ्हाड. एके वर्षी आम्ही सारी वास्तू राहती म्हणून लिहून दिली. तपासणीत फरक निघाला. शेकडा 10 पर्यंतचा फरक कायदा सोडून देतो. त्यापुढे फरकाच्या पाचपट दंड बसतो. वाचविलेल्या एका रुपयामागे पाच गेले, आणि मुलांसमोर मान खाली घालावी लागली ती वेगळीच.

तात्पर्य, कोठार आणि बिऱ्हाड निरनिराळे मोजावे व निरनिराळे लिहावे. हक्काची सूट सोडू नये. हक्काबाहेरची घेऊ नये. खोटे माप तागडीत जसे त्याज्य, तसेच विवरणातही.