दिवस कुणासाठी उजाडतो?

शंका : ताई, छत्तीस वर्षं नोकरी करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. पेन्शन आहे, मुलं मार्गी लागली. तरी सकाळी डोळे उघडले की वाटतं, उठून करायचं काय? फिरणं, योगासनं, वाचन असा कार्यक्रम दर महिन्याला आखतो आणि चार दिवसांत तो बारगळतो. जगण्याला हेतू कसा सापडतो?
– एक वाचक, पुलगाव

समाधान : भाऊ, तुमचा कार्यक्रम बारगळतो त्याला आळस हे कारण मला दिसत नाही. फिरणं, आसनं, वाचन, तिन्ही गोष्टी तुमच्या एकट्याच्या आहेत. तुम्ही गेला नाहीत तर कुणाचं अडत नाही, आणि मनाला ते पक्कं ठाऊक असतं. नोकरीत तसं नव्हतं. तुम्ही पोचला नाहीत तर कुणाचं तरी काम खोळंबत होतं.

एकदा सेवाग्रामला या. बापू कुटी सगळेच बघतात. तुम्ही परचुरे कुटीपाशी जरा थांबा. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती. 1939 साली ते आश्रमात आले तेव्हा कुष्ठरोगानं शरीर पोखरलेलं होतं, आणि या रोगावर खात्रीचं औषध तेव्हा नव्हतं. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं, राहायला कुटी दिली आणि त्यांच्या अंगाला मालिश करण्याचं काम स्वतःकडे घेतलं. हे दिवस कसले होते ते आठवा. महायुद्ध पेटलेलं, व्हाइसरॉयशी बोलणी चाललेली, वर्ध्याला पुढाऱ्यांची रीघ. त्या सगळ्या धबडग्यात एका आजारी माणसाच्या अंगाला तेल लावायला वेळ निघत होता, कारण तो माणूस वाट बघत असायचा.

म्हणून हेतू शोधत बसू नका. आपली वाट बघेल असा एक माणूस शोधा. माझ्याकडे येणारे एक निवृत्त गुरुजी शेजारच्या आजींच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायला जाऊ लागले. आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, घरात दुसरं कुणी नाही. सात वाजता आजी खाटेवर मान मागे टाकून बसलेल्या असत. गुरुजी मला म्हणाले, आता गजर लावावा लागत नाही. महिनाभरात थेंब संपले, पण सातचं जाणं सुटलं नाही. आता ते आजींना पेपर वाचून दाखवतात.

तुमच्या आळीत असं एक घर असेलच. एकच धरा, दोन नकोत. आणि तिथं जाऊन, ‘उद्या इतक्या वाजता येतो,’ असं तोंडानं सांगून या. फिरणं आपोआप होईल.

शंका : स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. रोज दहा तासांचं टाइमटेबल करतो, तिसऱ्या दिवशी मोडतं. मग आठवडाभर स्वतःचाच राग येतो.
– एक विद्यार्थी, हिंगणघाट

समाधान : बाळा, 1938 मध्ये विनोबा पवनारला धाम नदीकाठी राहायला आले तेव्हा त्यांचं वजन 88 पौंड होतं, म्हणजे जेमतेम चाळीस किलो. तब्येतीसाठी त्यांनी शेतात खोदायला घेतलं. पहिल्या दिवशी किती? पाच मिनिटं. मग रोज थोडी थोडी वाढ. काही महिन्यांत अंगात बळ आलं. दहा तास लिहिलेला कागद फाडून टाक. उद्या सकाळी ठरल्या वेळी अर्धा तास बस, आणि जीव आणखी बसायला मागत असला तरी ऊठ. आठवडाभर एवढंच. पुढच्या पत्रात किती पानं झाली ते लिहू नको. किती वाजता बसलास ते लिही.

शंका : ताई, तुम्ही नेहमी ‘दिवस विचारपूर्वक जगा’ म्हणता. माझा दिवस माझा आहेच कुठे? पहाटे पाणी, डबे, सासूबाईंचं पथ्य, मग निंदण नाहीतर कापूस वेचणी, परत आल्यावर चूल. यात हेतू कुठून आणू?
– एक वाचक, देवळी तालुका

समाधान : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमचा राग खरा आहे. आम्ही हे सल्ले देतो तेव्हा दिवस आपल्या हातात असलेला माणूस डोळ्यांसमोर असतो. तुमच्या दिवसात हेतूची कमतरता नाही. पाचसहा माणसं तुमच्या हातावर जगताहेत. कमतरता आहे ती दुसऱ्या हातांची.

सेवाग्रामचा दाखला लोक प्रार्थनेसाठी, सूतकताईसाठी देतात. मी तुम्हाला दुसऱ्या कारणासाठी देते. तिथं झाडलोट, दळण, भाजी चिरणं, संडास सफाई ही कामं वाटून घेतलेली असत आणि त्यातून पुरुष सुटत नसत. चांगला दिवस कसा असावा याचा एवढा विचार करणाऱ्या गांधीजींना स्वयंपाकघर एकट्या बाईवर टाकून तो दिवस बसवता आला असता. त्यांनी तसा तो बसवला नाही.

तेव्हा माझा सल्ला तुमच्याआधी तुमच्या घरच्यांना आहे. हे पान रात्री जेवताना मोठ्यानं वाचा. संध्याकाळची भाजी चिरणं धनी आणि मुलगा यांच्याकडे, आजपासून. त्या अर्ध्या तासात तुम्ही ओट्यावर नुसत्या बसलात तरी चालेल, त्याचा हिशेब कुणाला द्यायचा नाही. भाजी जाडीभरडी चिरली जाईल, ती तशीच शिजवा.

पंधरा दिवसांनी विळीवर कोण बसतंय, तेवढं मला कळवा.