परिवर्तनशील जातीचे लक्षण : ट्रायकोग्रामाचे उदाहरण

लक्षण म्हणजे असाधारण धर्म. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’च्या परंपरेत त्यासाठी गायीचे उदाहरण देतात. ‘कपिल रंगाची ती गाय’ म्हटले तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. ‘शिंगे असलेली ती गाय’ म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. हे दोष केवळ पाठांतराचे नाहीत. ज्यांना रोज लक्षणे लिहावी लागतात त्या कीटकशास्त्रज्ञांचे काम पाहिले की ते पटते.

ट्रायकोग्रामा ही जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची परोपजीवी गांधीलमाशी. (नाव गांधीलमाशीचे, पण माणसाला ती डंख मारीत नाही.) मादी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते, आतली अळी त्या अंड्यावरच वाढते आणि पतंगाची अळी जन्मतच नाही. ऊस उत्पादक तिला ट्रायकोकार्डामुळे ओळखतात.

तिचे वर्णन कसे करावे? रंग सांगावा, तर थंडीत वाढलेली माशी अधिक काळपट निघते. आकार सांगावा, तर तो यजमान अंड्याच्या आकारावर अवलंबून. पंख तरी खात्रीचे असावेत! जॉर्ज सॉल्ट यांनी १९३७ मध्ये इंग्लंडमधील ट्रायकोग्रामा सेम्ब्लिडिसचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाण्याकाठच्या सियालिस माशीच्या अंड्यांतून निघालेले नर पंखहीन होते. त्याच जातीचे, पतंगाच्या अंड्यांतून निघालेले नर पंखधारी. शृंगिका आणि पायांतही फरक होता. नमुने नुसते टाचणीला लावून पाहणाऱ्याने या दोन जाती मानल्या असत्या.

म्हणून ‘नर पंखहीन’ हे वाक्य अपुरे आहे. ‘सियालिसच्या अंड्यातून निघालेला नर पंखहीन’ हे पुरे. मराठीत असे विशेषण नामाआधीच येत असल्याने अट आधी आणि विधान नंतर, हा क्रम आपोआप साधतो. माझ्या मते वर्णनात्मक गद्य शिकवताना या सोयीचा आपण पुरेसा उपयोग करीत नाही.

न बदलणारा धर्म मात्र शोधावाच लागतो. बंगळुरूत काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी १९७१ मध्ये नराच्या जननेंद्रियांची रचना हे ओळखीचे महत्त्वाचे लक्षण म्हणून मांडले. त्याआधी भारतातल्या जातींना मिनुटम, इव्हानेसेन्स अशी परदेशी जातींची नावे सर्रास दिली जात. नाव चुकले की एका जातीवरचे प्रयोग दुसरीच्या खाती जमा होतात, आणि शेतात सोडलेली माशी नेमकी कोणती हेच कळत नाही.

याही लक्षणाची व्याप्ती अपुरी पडते, कारण मादीला ते लागूच नाही. काही वंशांत तर वोल्बाकिया जिवाणूमुळे फक्त माद्याच जन्मतात. तेव्हा माद्यांना प्रतिजैविक मिसळलेला मध पाजून पुढच्या पिढीत नर मिळवतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.