एका रात्रीत ७२ वेळा

कॅडेट मित्रांनो, अडकलेला राउटर बंद करून पुन्हा चालू केला की बहुधा ठीक चालतो, हे तुम्ही घरीही पाहिले असेल. त्यातला प्रोग्रॅम कुठेतरी अडकलेला असतो. वीज तोडली की तात्पुरती मेमरी पुसली जाते आणि काम पहिल्यापासून सुरू होते. जिथे रात्री माणूस नसतो, तिथे हे काम स्वयंचलित पॉवर स्विचवर सोपवतात. तो ठरावीक वेळाने ‘पिंग’ करतो, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारतो. उत्तर आले नाही, तर राउटरची वीज तोडतो आणि थोड्या वेळाने जोडतो.

तंजावरच्या एका कार्यालयात मी असा स्विच बसवला. इथे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो. अशाच एका रात्री बाहेरची फायबर केबल तुटली. मी स्विचला इंटरनेटवरच्या एकाच पत्त्याला हाक मारायला सांगितले होते. उत्तर येईना, म्हणून रात्री ११ ते पहाटे ५ पर्यंत दर ५ मिनिटांनी त्याने धडधाकट राउटरची वीज तोडली. सकाळी नोंदीत ७२ वेळा दिसले.

इंटरकॉम त्याच राउटरवर चालत होता. बॅटरीच्या खोलीत पाणी शिरत असल्याचे पहारेकरी कळवू पाहत होता आणि फोन दर वेळी मध्येच तुटत होता. शेवटी तो भर पावसात चालत आला. यंत्राने आज्ञा पाळली होती. आज्ञा माझी चुकली होती.

तेव्हापासून मी हे नियम पाळतो :

१. दोन ठिकाणी हाक मारावी : आधी राउटरला, मग बाहेरच्या पत्त्याला. राउटर उत्तर देतो आणि फक्त बाहेरचा पत्ता गप्प आहे, तर दोष बहुधा लाइनचा. वीज तोडू नये.

२. घाई नको. एक हाक हुकणे म्हणजे बिघाड नव्हे. दर मिनिटाला एक, अशा ओळीने ५ हाका हुकल्या तरच वीज तोडावी. ती ३० सेकंद बंद ठेवावी, कारण कपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार उरतो. राउटर पूर्ण सुरू होईपर्यंत पुन्हा तपासू नये.

३. तीन प्रयत्नांनंतर थांबावे आणि माणसाला कळवावे. हा निरोप मोबाइल सिमसारख्या वेगळ्या मार्गाने जावा. बंद पडलेल्या राउटरमधून तो जाणार कसा?

४. स्विच स्वतः बिघडला, तरी राउटरची वीज चालू राहील अशी रिलेची जोडणी असावी.

५. राउटरचे फर्मवेअर बदलताना हा स्विच स्वयंचलित ठेवू नये. मध्येच वीज गेली तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो.

६. प्रत्येक रीबूटची नोंद वाचावी. रीबूट म्हणजे दुरुस्ती नव्हे. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानाचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होत होता. रीसेटमुळे तो सावरत होता, पण मूळ दोष कामांच्या प्राधान्यक्रमात होता. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या तशाच यंत्रावर तो शोधला आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली.

सराव : घरचा राउटर, घरच्यांना विचारून, बंद करून चालू करा. इंटरनेट परत यायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून तीनदा मोजा. नियम २ मध्ये किती थांबायचे, ते त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यावरून ठरवा.