वाटूर फाट्यावर खोल्या भाड्याने देताय? भाडेकरूची चौकशी किती करायची आणि कुठे थांबायचं



खोल्या भाड्याने देण्याच्या व्यवसायावरचा व्हिडिओ टाकला, त्यात बांधकाम, लाईट, पाणी, भाडं सगळ्याचा हिशेब मांडला होता. पण जास्त प्रश्न आले ते वेगळ्याच गोष्टीवर. वाटूर फाट्यावर चार पत्र्याच्या खोल्या काढलेल्या एका तरुणाने विचारलं, "सर, मुकादम सहा पोरं घेऊन आलाय. फरशी बसवतात, बंगालची आहेत म्हणतो. मला त्यांची बोली कळत नाही. उद्या बांगलादेशी निघाली तर मी आत जाईन का? आणि नाही म्हणालो तर खोल्या रिकाम्या, वर कर्जाचा हप्ता."

प्रश्न रास्त आहे. उत्तर थोडक्यात असं की कोण कुठल्या देशाचा नागरिक हे ठरवणं तुमचं काम नाही. कागद घेणं, माहिती देणं आणि करार करणं हे तुमचं काम. तेवढं केलेलं असेल तर तुमच्या हातात दाखवायला काहीतरी असतं. नसेल केलं, तर भाडेकरू शेजारच्या गावचा असला तरी तुम्ही अडचणीत येऊ शकता.

आधी आधार कार्डाचा गैरसमज काढून टाकू. "आधार आहे म्हणजे भारतीयच" असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. २०१६च्या आधार कायद्याचं कलम ९ स्पष्ट सांगतं की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकतं. मग आधार घ्यायचं कशाला? माणूस तोच आहे का, हे कळण्यासाठी. सोबत मूळ गावचा पत्ता, घरच्या एका माणसाचा फोन नंबर, कामावर ठेवणाऱ्याचं नाव आणि फोटो घ्या. मुकादमाच्या एकट्याच्या आधारवर सहा जण ठेवू नका. सहा माणसं म्हणजे सहा कागद. ही चूक मी अनेक ठिकाणी बघतो.

दुसरं, पोलिसांना माहिती. बऱ्याच शहरांत आणि जिल्ह्यांत भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देण्याचा आदेश वेळोवेळी निघतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. असा आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागू शकतं आणि कारवाई मालकावर होते. आपल्याकडे सध्या आदेश आहे की नाही, हे ठाण्यात विचारा. नसला तरी माहिती द्या. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर भाडेकरू माहितीचा फॉर्म आहे. पोच जपून ठेवा आणि गावात पोलीस पाटलांच्या कानावरही घाला.

भाडेकरू स्वतःच परदेशी असल्याचं सांगत असेल तर गोष्ट वेगळी. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६च्या परदेशी नागरिक कायद्याच्या जागी इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला आहे. परदेशी माणसाला राहायला जागा देणाऱ्याने त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची, ही जबाबदारी नव्या कायद्यातही आहे. तेव्हा पासपोर्ट आणि व्हिसा बघा, प्रती घ्या आणि पोलीस अधीक्षक कार्यालयाशी लगेच संपर्क करा, उद्यावर टाकू नका.

नेपाळी माणसाचं मात्र वेगळं आहे. चायनीजच्या गाडीवर किंवा हॉटेलात काम करणारा नेपाळी बघून काही मालक व्हिसा मागतात. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळच्या नागरिकाला इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. त्याचं नेपाळचं ओळखपत्र घ्या, पोलिसांच्या फॉर्ममध्ये नेपाळचा पत्ता लिहा, आणि खोली द्या.

आता त्या सहा पोरांकडे परत येऊ. बांगला ही पश्चिम बंगालचीही भाषा आहे आणि बांगलादेशाचीही. कानाने फरक करायला जाल तर फसाल. तुम्ही-आम्ही सोडा, यंत्रणाही फसते. जून २०२५ मध्ये मीरा रोडसारख्या भागांतून बांगलादेशी समजून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर थेट सीमेपलीकडे पाठवले गेले. ते भारतीय असल्याचं कळल्यावर त्यांना परत आणावं लागलं. अशा माणसाच्या मालकाकडे भाडेकरार आणि पोलीस माहितीची पोच असेल, तर त्याच माणसाला सांगता येतं की मी इतके महिने इथे राहतोय, हे माझं मूळ गाव. म्हणजे तुमची फाईल त्याच्याही कामाला येते.

इंग्लंडमध्ये तर ही तपासणी कायद्यानेच मालकावर टाकली आहे. लंडनमध्ये घर शोधणाऱ्या आपल्या मराठी पोरांना ती चांगली माहीत असते. २०१४च्या कायद्यानुसार १ फेब्रुवारी २०१६ पासून इंग्लंडभर मालकाने भाडेकरूचा तिथे राहण्याचा हक्क तपासायचा, नाहीतर दंड. झालं काय, तर दंडाच्या भीतीने काही मालक परदेशी वाटणाऱ्या नावांना, कागद बरोबर असूनही, टाळू लागले. २०२० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने कायदा कायम ठेवला, पण त्यामुळे काही प्रमाणात भेदभाव होतो हे मान्य केलं. उलट अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा २००७चा कायदा मालकाला भाडेकरूचा इमिग्रेशन दर्जा विचारूच देत नाही. आपल्याकडे या दोन्हीपैकी काहीच नाही. खोली कोणाला द्यायची हा निर्णय तुमचा. पण सगळ्यांना एकच यादी लावा. जालन्याच्या माणसाकडून जे कागद घेता, तेच बंगालच्या माणसाकडून. जास्त नको, कमी नको.

करार कसा करायचा? १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे, तिथे कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. जबाबदारी मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर वाद झाल्यास उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हा कायदा अनुसूचीत दिलेल्या भागांनाच लागतो, त्यामुळे वाटूर त्यात येतं का हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. येत नसेल तरी लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवाच. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असतं. ३,००० रुपये भाडं, ११ महिने, म्हणजे ३३,००० वर साधारण ८३ रुपये. डिपॉझिटमुळे त्यात थोडी भर पडते, नोंदणी फी आणि करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. एका महिन्याच्या भाड्यात सगळं बसतं.

आणि समजा, गावात कुजबुज सुरू झाली, कोणी म्हणालं "हे बाहेरचे आहेत, काढ यांना." रात्री सामान बाहेर टाकायचं नाही, लाईट तोडायची नाही, कुलूप घालायचं नाही. संशय असेल तर ठाण्यात लेखी कळवा, तपास ते करतील. खोली रिकामी करून हवीच असेल तर करारात लिहिलेल्या मुदतीची नोटीस द्या. करार नसेल आणि महिन्याचं भाडं चालू असेल, तर १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची. डिपॉझिट परत करताना पावतीवर सही घ्या, ती पावती त्याच फाईलला लावा.